साक्षीत घरी आलेला भाऊ

त्या रविवारी अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये उपदेशाला बाहेरून एक तरुण पाळक आले होते. मार्च संपत आला होता. पंखे गरगरत होते आणि तापलेलीच हवा खाली ढकलत होते. वचन होतं उधळ्या पुत्राचं, घर सोडून गेलेल्या आणि शेवटी बापाकडे परत आलेल्या. हा अध्याय मी इतक्यांदा ऐकलाय की पाळक वाचत होते तेव्हा मी शाळेतल्या न तपासलेल्या पेपरांचा विचार करत होते. मी शिक्षिका आहे. मार्चमध्ये माझं डोकं रविवारीही शाळेतच असतं.

मग ते म्हणाले, "आता एक खरी गोष्ट सांगतो. आपल्याच वऱ्हाडातली. अकोल्याची."

मंडळी सावरून बसली. गोष्ट म्हटलं की बसतेच. मागच्या बाकावरचे खोकलेसुद्धा थांबतात.

गोष्ट अशी होती. अकोल्यात एक प्रभूचा सेवक राहत होता. त्याचा तरुण मुलगा बापावर रागावून घर सोडून गेला. बाप रोज वाट पाहायचा. मुलाची सायकल व्हरांड्यात तशीच उभी होती. बाप दर शनिवारी तिच्या चाकांत हवा भरायचा. शेजारी हसायचे, की चालवणारा नाही आणि हवा कशाला भरता. बाप म्हणायचा, आला तर लागेल.

अकोल्यात रिकाम्या सायकलीत हवा भरणारा माणूस एकच आहे. ते माझे बाबा.

पाळक पुढे सांगत होते. एका मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि फाटकाशी एक माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. त्यानं पाणी मागितलं. बापानं आवाज ओळखला. पाळकांनी इथे आवाज खाली आणला आणि म्हणाले, "आणि बंधुभगिनींनो, सायकल तयार होती."

शेजारच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या. मला मात्र बाकावर बसवेना. गीत सुरू व्हायच्या आत मी उठून बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले.

माझा धाकटा भाऊ कसा गेला, ते इथे सांगावं लागेल. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि पाळक नसतील त्या रविवारी अकोल्याच्या चर्चमध्ये उपदेश करायचे. बोलायचे छान. भावाचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष दुसऱ्यांदा राहिलं, तेव्हा घरात आठवडाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही. पुढच्या रविवारी बाबा उपदेशाला उभे राहिले. मी माहेरी आले होते, आई आणि भावाशेजारी बसले होते. बाबांनी आळशी आणि चुकार मुलावर बोलताना एक उदाहरण दिलं. "एका सेवकाच्या घरातला मुलगा आहे," असं म्हणून त्याचं उशिरा उठणं, रात्रभर मोबाईल पाहणं, आईशी खोटं बोलणं, सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या होत्या. भाऊ उठला, दाराशी गेला, चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी निघाला. दुसऱ्या दिवशी तो घरी नव्हता. आधी सुरतहून, मग कुठून कुठून आईला फोन करायचा. मग तो नंबर बंद झाला.

आई तेव्हा बाबांना एकच वाक्य बोलली होती. "बायबलात गोष्टी कमी पडल्या होत्या का तुमाले?"

त्यानंतर बाबा अकोल्यात कधी उपदेशाला उभे राहिले नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र ते धारणीकडच्या गावांत जाऊ लागले. तिथल्या लहान लहान मंडळ्यांना वचन सांगायला कोणी लागायचं. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव रमतो, जाऊ दे.

उपासना सुटल्यावर मी त्या तरुण पाळकांना गाठलं.

"ही गोष्ट तुम्हाला कुठे मिळाली?"

"खरी आहे, ताई," ते म्हणाले. "धारणीजवळच्या एका गावात मी साक्ष ऐकली, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं त्याची. एक वयस्कर बाबा होते. काय सुंदर बोलतात ते."

"स्वतःची म्हणून सांगितली?"

"स्वतःचीच. त्यांचा मुलगा आहे तो."

"मुलगा आला, असं म्हणाले?"

"हो. आला म्हणाले. का?"

मी तिथून निघाले. घरी आल्यावर भाजी चिरायला घेतली आणि तशीच सोडली. भाऊ खरंच आला असेल का? येऊन गेला असेल, आणि बाबांनी आईलाही कळू दिलं नसेल? की आईलाही माहीत आहे आणि मलाच कोणी सांगितलं नाही? प्रत्येक शक्यतेचा मला राग येत होता, आणि त्यातली एक तरी खरी निघावी असंही वाटत होतं. मी आईला फोन लावला.

"घरी कोणी आलं होतं का इतक्यात?"

"कोण येईल? सिलिंडरवाला आलता," आई म्हणाली. "काहून?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन मी अकोल्याची बस धरली. बडनेऱ्यापर्यंत खिडकीशी बसले, ऊन आलं म्हणून पलीकडे गेले, तिथे एक माणूस मोबाईलवर मोठ्यानं काहीतरी ऐकत होता म्हणून पुन्हा उठले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून परत जावंसं वाटलं. काय विचारायचं, ते अजून ठरलं नव्हतं.

बाबा अंगणात कूलर उघडून बसले होते. वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवणं चाललं होतं. मला पाहून ते हसले आणि लगेच त्यांचं हसू गेलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

"बाबा, मी काल तुमची गोष्ट ऐकली. चर्चमध्ये."

"कोणती गोष्ट?"

"सायकलची. त्याच्यात तो परत येते."

बाबांनी हातातली ताटी खाली ठेवली. बराच वेळ ते वाळ्याच्या काड्या बोटांनी सरळ करत राहिले.

"तो आला का, बाबा?"

"नाही," ते म्हणाले. "आला असता त तुले नसतं सांगतलं का?"

मग ते हळूहळू सांगू लागले. पहिल्यांदा ते तिथे खरं तेच सांगायचे. मुलगा गेला, बाप वाट पाहून राहिला, देवही आपली अशीच वाट पाहतो. एवढ्यावर संपवायचे. पण प्रार्थना झाली की लोक जवळ यायचे आणि विचारायचे, मग काय झालं? "अजून नाही आला म्हणलं की त्यांचे चेहरे पडून जायचे. तिथं प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बाहेर गेलेलं आहे. कोणी खंडव्याले, कोणी इंदूरले. एक बाई त मटकन खालीच बसली. पुढच्या गावात मले कोणी विचारलं, मग काय झालं, आन् माह्या तोंडातून निघून गेलं, आला म्हणून."

"आन् मग सांगतच राहिले?"

"सांगताना तो मले दिसे," बाबा म्हणाले. "दारातून आत आल्यासारखा. दर वेळेस थोडा जास्त दिसे. एकदा पिशवी दिसली, एकदा दाढी. गोष्ट संपली की काही नाही."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, आणि जोरात ओरडावंसंही वाटलं. मी अंगणात येरझारा घालू लागले.

"प्रभूनं सांगतलेले दाखले तरी कुठं घडले होते?" बाबा म्हणाले. "ऐकणाऱ्याले समजावं म्हणूनच सांगतले ना."

"प्रभूनं कोणा एका माणसाची गोष्ट सांगतली, बाबा. माहा पोरगा आला, असं नाही म्हणलं."

आई दारात केव्हा येऊन उभी राहिली, ते आम्हाला कळलं नव्हतं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. मला वाटलं, आता ती ते जुनं वाक्य पुन्हा बोलेल. पण तिनं दारातूनच विचारलं, "आल्यावर काय म्हणाला तो? तुमच्या गोष्टीत?"

बाबा खाली पाहत म्हणाले, "पाणी मागतलं."

"कोणाले?"

"मले."

"आन् मी कुठं होती?"

बाबांनी तिला गोष्टीत घेतलंच नव्हतं. इतक्या गावांतून त्यांनी तो परत आणला, त्याच्या दाढीसकट, पिशवीसकट, पण आईचा तिथे उल्लेख नव्हता.

"मले निदान घरात तरी ठेवाचं होतं," आई म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत. ती आत गेली, पोळ्या लाटल्या, आम्हाला वाढलं. जेवताना मात्र ती बाबांना म्हणाली, "जिथं जिथं आला म्हणून सांगतलं, तिथं जाऊन सांगा आता. नाही आला म्हणा."

बाबांनी होकार दिला. मी सोबत जाईन, असं मी म्हटलं. ते एकटे गेले तर सांगतील याची मला खात्री नव्हती, हे त्यांनाही कळलं असावं.

एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा संपल्यावर आम्ही निघालो. परतवाड्यापासून पुढे घाट लागला. धारणीला बस सोडून जीप केली. रस्ता कुठे होता, कुठे नुसती खडी होती. मी पुढचा दांडा घट्ट धरून बसले होते आणि मनात बाबांचं वाक्य तयार करून पाहत होते, जणू मलाच बोलायचं होतं. सगळ्या गावांना एका फेरीत जाणं शक्य नव्हतं. बाबांनी आधी तेच गाव निवडलं, जिथे त्यांनी साक्ष सर्वांत जास्त वेळा दिली होती.

तिथलं चर्च म्हणजे टिनाचं छत असलेली एक लांबट खोली. लोक कोरकू आदिवासी, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमच्यासारखं. बाबांना पाहून सगळ्यांना आनंद झाला. एका बाईनं मला हात धरून सतरंजीवर बसवलं आणि म्हणाली, "भाई कैसा है तुमारा? घरी आहे ना?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच समजलं नाही.

बाबा उभे राहिले. वचन वाचलं नाही. चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "मी तुमाले सांगतलं होतं की माहा मुलगा परत आला. तो नाही आला. तो अजून आलाच नाही. मी खोटं बोललो."

मला तिथे थांबवेना. मी दाराशी जाऊन उभी राहिले. कोणी उठून जाईल, कोणी काही टोचून बोलेल, असं वाटत होतं. पण मला सतरंजीवर बसवणारी ती बाईच चिडून बोलली.

"नहीं आया? अरे बाबा, आमी तर त्याच्यासाठी मागणं बंद केलं ना. आ गया बोले तुम, तो छोड दिया."

"हो," दुसरा एक माणूस म्हणाला. "रोज करत होतो आमी. मग बंद केलं."

बाबा जायला लागले तेव्हापासून हे लोक माझ्या भावासाठी प्रार्थना करत होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि तो आला असं त्यांनीच सांगितल्यामुळे ती थांबली होती.

"नाव काय त्याचं?" बाईनं विचारलं. "आता नावानं मागू."

बाबांनी नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी ते नेहमी 'तो' म्हणायचे. लोकांनी तिथल्या तिथे डोळे मिटले आणि कोरकूत प्रार्थना सुरू केली. मला त्यातलं फक्त ते नाव कळत होतं. पुन्हा पुन्हा येत होतं. मी बाहेर जाऊन जीपजवळ उभी राहिले, ड्रायव्हरनं विचारलं, निघायचं का, मी म्हटलं थांबा, आणि पुन्हा दाराशी आले.

परतीच्या वाटेवर बाबांना थकवा आला होता, पण झोप लागली नाही. ते म्हणाले, "बाकीच्या गावातही जाऊ." पुढच्या दोन महिन्यांत आम्ही जमेल तसं गेलो. सगळीकडे असं झालं नाही. एका गावात लोकांनी नुसतं ऐकून घेतलं आणि पुन्हा बोलावलं नाही. ते बाबांना लागलं.

त्या तरुण पाळकांनाही मी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ती गोष्ट ऐकून एक गृहस्थ आपल्या मुलाला भेटायला गेले. त्यांना मी आता काय सांगू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. ती गोष्ट पुन्हा सांगणार नाही, असं ते म्हणाले, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

पण त्या रविवारचा उपदेश कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केला होता. दिवाळीच्या सुमारास तो नागपूरच्या माझ्या नणंदेनं मला पाठवला. खाली लिहिलं होतं, जरूर ऐका. तिला कोणी पाठवला, तिला आठवत नव्हतं. मी तो स्वयंपाकघरात उभ्यानं पूर्ण ऐकला. मग लक्षात आलं, हे असंच पुढे जात राहिलं तर कधीतरी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी फोनवर माझा भाऊही ऐकेल. बाप वाट पाहतोय हे त्याला कळेल, आणि गोष्टीत आपण आधीच घरी पोहोचलोय हेही कळेल. त्यातलं तो काय धरेल, मला सांगता येत नाही.

नणंदेला हे पुढे पाठवू नका म्हणून मी लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. अजून पाठवलेलं नाही.