निंगव्वाच्या खुर्चीवरचे दोन हात

बाळीवेशीतल्या चन्नवीर फोटोवाल्याला गर्व कशाचा, तर जोडाचा. चाळीस माणसांचं कुटुंब असो की चारशेंचं वऱ्हाड, तो स्टँड रोवून तुकड्यातुकड्यांनी फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर सांधून असा एकसंध लांबलचक फोटो द्यायचा, की जोड शोधणाऱ्याला चहा पाजीन म्हणायचा. तो चहा आजवर कुणाच्या नशिबी आला नव्हता. मोबाइल गरागरा फिरवून नवरदेवाला तीन कान काढणाऱ्यांचा विषय निघाला, की त्याचं डोकं फिरायचं. माझ्या फोटोत खोटं काही नसतं, हे त्याचं ब्रीद.

तर असल्या माणसाकडं निंगव्वा आली. पंच्याहत्तरी गाठलेली, चार पायऱ्या चढली तरी धाप लागणारी. तिचे दोन लेक, थोरला सिद्धू आणि धाकटा विरेश. दोघांची चादरींची दुकानं शेजारीशेजारी, पण सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल: दुकान एक होतं तेव्हा पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून फाटलं. म्हातारीचं मागणं एवढंच, की डोळे मिटायच्या आत दोघांसोबत एक फोटो हवा. आईसाठी दोघंही काय वाटेल ते करायला तयार होते, फक्त एका वेळी एका खोलीत यायला तयार नव्हते.

चन्नवीरनं तोड काढली. निंगव्वाच्या घरीच, अव्वा म्हणजे म्हातारी मधे खुर्चीत. अकराला सिद्धू येऊन डावीकडं उभा राहील, साडेअकराला विरेश उजवीकडं. दोन्ही फोटोंत अव्वा आणि खुर्ची तीच. सांधायला तेवढं पुरेसं. अव्वानं मात्र अर्धा तास हलायचं नाही. ती बिचारी हलली नाही. विरेश तेवढा, भाऊ गल्लीबाहेर गेल्याची खात्री होईपर्यंत खाली रिक्षात बसून राहिला.

संध्याकाळी फोटो सांधताना चन्नवीरनं जीभ चावली. दोघांनीही हात खुर्चीच्या पाठीवर नेमका त्याच जागी ठेवला होता. बापाची लकब, दुसरं काय! सॉफ्टवेअरनं आपल्या अकलेनं दोन्ही हात ठेवले, आणि धाकट्याचा पंजा थोरल्याच्या पंजावर बसला. पुसायला दहा मिनिटं लागली असती. पण तेवढ्यात निंगव्वा दुकानाच्या दारात हजर. तिनं पडद्यावर नेमकं तिथंच बोट ठेवलं आणि विचारलं, पोरांनी हात धरलाय व्हय रे?

चन्नवीरनं माउस बाजूला सारला.

"व्हय, अव्वा," तो म्हणाला, आणि तसाच फोटो छापून दिला.

चौथ्या दिवशी दोघं भाऊ भांडायला आले, अर्थात वेगवेगळे, एक बाहेर पडतो तोच दुसरा आत. म्हातारी गल्लीभर फोटो दाखवत सुटली होती, आणि लोक दोघांच्याही दुकानात येऊन समेटाबद्दल पेढे मागत होते. सिद्धूचं म्हणणं, धाकट्याचा हात पुसा. विरेशचं म्हणणं, थोरल्याचा. चन्नवीरनं दोघांना एकच सांगितलं: पुसतो की, पण फोटो खोटा हाय हे आधी अव्वाला तुमी जाऊन सांगा.

आता आली का पंचाईत! दुसऱ्यानं आधी जाऊन सगळा दोष आपल्यावर ढकलला तर? दोघं धावत सुटले आणि आईच्या दारातच एकमेकांना धडकले. मागोमाग चन्नवीरही पोचला, त्याचंही मन खात होतंच. निंगव्वा त्याच खुर्चीत बसली होती. तिला बघून सिद्धू म्हणाला, फोटो झकास आलाय. विरेश म्हणाला, व्हय, रंग चांगला आलाय.

"मला येडी समजता व्हय रे?" निंगव्वा म्हणाली. "ह्या खुर्चीत मीच बसले हुते की. एक गेला, मग दुसरा आला. ह्यो हात खोटा हाय, मला पयल्या दिवशीच कळलं. तरी गल्लीभर दाखवला. आता खरा ठेवा."

चन्नवीरचं तोंड एवढंसं झालं. भावांनी कसेबसे खुर्चीच्या पाठीवर हात टेकवले. मधे चांगलं वीतभर अंतर. निंगव्वानं पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मान मागं वळवून त्या अंतराकडं बघत बसली. जेवणाची वेळ टळली, तरी ती उठली नाही आणि त्यांनाही हलू दिलं नाही.