नापासमास्तर

माझ्या मोठ्या काकांना सगळा बाजार नापासमास्तर म्हणायचा. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच तुटला होता, आणि तोही काही गोडीगुलाबीने नाही. ते लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून तासायच्या यंत्रावर, काम करायचे. त्यांच्यापुढे मुलांऐवजी ब्रेकच्या डिस्क यायच्या. गाडीच्या चाकाआड ही जाड लोखंडी थाळी असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. धरताना दर वेळी ती जराशी झिजते. काका ती थाळी हातात घ्यायचे, तिच्यावरून नख फिरवायचे, जाडी मोजायला मायक्रोमीटर लावायचे आणि निकाल सांगायचे. पास झाली तर लेथवर चढवून तिचे चरे साफ करून द्यायचे. नापास झाली तर गिऱ्हाइकाला बाजूला उभं करून तिथल्या तिथे घणाने तिचे तुकडे करायचे.

लोक भडकायचे. "अहो, माझी वस्तू आहे ती!"

"होती," काका म्हणायचे. "आता भंगार आहे. न्या हवं तर, पिशवी देतो."

हे घणाचं खूळ उगाच नव्हतं. इथे नापास झालेली डिस्क पलीकडच्या गल्लीत जाऊन आणखी घासून घेणारे आणि तीच परत गाडीत बसवणारे महाभाग त्यांनी पाहिले होते. जो जास्त आरडाओरडा करतो तोच पलीकडच्या गल्लीत जाणारा असतो, असा त्यांचा अनुभव होता. माणसं ओळखण्यात ते फार हुशार नव्हते, पण एवढं एक त्यांना बरोबर कळायचं.

मला त्यांनी हे सगळं शिकवलं होतं. मुलीच्या जातीला काय करायचंय लोखंड, असं आई म्हणायची. तिच्याकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं. "हा बघ, कंपनीने डिस्कवरच आकडा ओतलेला असतो. जाडी त्याच्या खाली गेली की खेळ संपला. पातळ डिस्क लवकर तापते. तापली की बिघडते, मग ब्रेक मारताना स्टिअरिंग हातात थरथरतं, पायाखाली धडधडतं. तडा दिसला तर मोजत बसायचंसुद्धा नाही. आणि एका चाकाची बदलली तर त्याच्या जोडीच्या पलीकडच्या चाकाचीही बदलायची, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. पण गाडी धुतल्यावर जो तांबूस गंज दिसतो ना, त्याला घाबरायचं नाही. चार ब्रेक मारले की जातो. कुईकुई आवाज आला तर आधी पॅड बघायचे." मग मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळताना ते म्हणायचे, "गरज असून न बदलणारा मूर्ख आणि गरज नसताना बदलायला लावणारा चोर. मूर्खाला मी समजावतो. चोराला दारात उभं करत नाही."

चोर दारात नव्हताच. तो काउंटरवर बसायचा आणि मी त्याला बाबा म्हणायचे.

बाबा काकांचे धाकटे भाऊ. काका तोंडाचे फटकळ, तर बाबा म्हणजे नुसती साखर. रागावून निघालेलं गिऱ्हाईक ते खांद्यावर हात ठेवून परत आणत. दोघांचं दुकान, दोघांचं घर, एकाच स्वयंपाकघरात जेवण. काकांनी लग्न केलं नाही. दुकान हाच त्यांचा संसार, असं बाबा कौतुकाने सांगत. त्या कौतुकाचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते काही आठवडे घरी बसले. तेवढ्यात दुकानाचं रूप पालटलं. फरशी आली, काचेचं दार आलं, गिऱ्हाइकांना बसायला सोफा आला. आणि लेथ गेला.

"दादा, तुझ्या डोळ्यांना ताण नको," बाबा म्हणाले. "मोजायला आता पुढे मशीन घेतलंय. तू फक्त मागे बसून नापास झालेल्या फोड. ते काम तुझंच."

काका थोडा वेळ लेथच्या जागेवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिले आणि मग मागच्या अंगणात गेले. भावावर त्यांचा विश्वास होता. आमच्या घरात भावाच्या शब्दावर शंका घेण्याची पद्धतच नव्हती, आणि बाबांनी नेमकं तेच ओळखलं होतं.

मागच्या भिंतीला बाबांनी एक मोठी काच बसवून घेतली. सोफ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाला त्यातून अंगण दिसायचं. भिंतीवर काकांचा घण उगारलेला फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे मास्तर नापास करतात.' बाबा गिऱ्हाइकाला फोटो दाखवत, मग काच दाखवत. तांबड्या रंगाची फुली मारलेली डिस्क अंगणात जाई, काका ती फोडत आणि गिऱ्हाईक निमूटपणे नव्या जोडीला होकार देई. मास्तरांनी स्वतः फोडली म्हटल्यावर कोण तोंड उघडणार?

एक दिवस मी काकांचा डबा घेऊन गेले होते. ते डिस्कवर घण घालत होते आणि ती फुटत नव्हती. घण उसळून परत येत होता. काकांनी पुन्हा घातला, मग थांबले.

"पातळ डिस्क असा मार खात नाही," ते म्हणाले.

त्यांनी डिस्क पुसली, फडक्यातून मायक्रोमीटर काढला. एकदा मोजलं, थाळी फिरवून पुन्हा मोजलं. फुली मारलेल्या बाकीच्या डिस्क ओढून एकेक बघायला लागले. त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.

"पोरी, तू मोज. मला अजून नीट दिसत नसेल."

मी मोजलं. त्यांचं मोजमाप चुकलेलं असावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि मला ते देता आलं नाही. सगळ्या डिस्क चांगल्या होत्या. काहींना चरासुद्धा नव्हता. काका त्या फुटलेल्या तुकड्यांच्या ढिगाकडे वळले. किती महिन्यांचा तो ढीग होता, आणि त्यातलं खरोखर नापास काय होतं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. सगळा पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने फोडला होता.

त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर काका बाबांसमोर उभे राहिले. मी तिथेच होते.

"माझं नाव घेऊन सांगितलंस तू," काका म्हणाले.

"दादा, कुणाचं वाईट केलं मी?" बाबांचा आवाजसुद्धा चढला नाही. "जुनी काढून नवी घातली. नवी डिस्क वाईट असते का? ब्रेक लागतात ना त्यांचे? उलट आणखी चांगले लागतात."

"ज्याची चांगली आहे त्याला वाईट आहे म्हणून सांगितलंस."

"घासून देण्याचा धंदा मेलाय दादा. तुझ्या खरेपणावर दुकान चालत नव्हतं." आणि अगदी मायेने पुढे म्हणाले, "आता चालतंय."

हे ते खरोखर कौतुकाने म्हणाले. मला अजूनही ते वाक्य आठवलं की त्यांच्या ताटात वाढायला नको वाटतं.

दुसऱ्या दिवशी काका अंगणात गेलेच नाहीत. पुढे, काचेच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काय होतं ते बघायला मीही गेले. ब्रेकचा कुईकुई आवाज येतो म्हणून जुन्या ओळखीतल्या एक नर्सबाई आल्या होत्या. काही वर्षांपूर्वी काकांनी त्यांच्या डिस्कला गेलेला तडा वेळेवर पकडला होता, तेव्हापासून त्या दुसरीकडे जात नसत. बाबांनी त्यांची डिस्क काढून, मान हलवून, फुली मारून तयार ठेवली होती.

"बाई, डिस्क चांगली आहे," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "बदलू नका. पॅड बघून घ्या, आवाज त्यांचा आहे. इथे खोटं चाललंय."

बाबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, तो गिऱ्हाइकांसाठीचा हात.

"ऑपरेशन झालंय ना दादाचं," ते नर्सबाईंना हळूच म्हणाले. "दिसत नाही त्याला पहिल्यासारखं. पण मन मानत नाही."

नर्सबाईंनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शंका नव्हती. दया होती. ती बघून मला वाटलं, यापेक्षा यांनी काकांच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर, असू दे," त्या म्हणाल्या. "गाडीत मुलं असतात माझी. नवीनच घालू. तुमच्यामुळेच तर मला ब्रेकची अक्कल आली." आणि मग, त्यांचं मन राखायला, "ही जुनी तुम्हीच फोडा बरं का. तुम्ही फोडलीत की मला कसं निर्धास्त वाटतं."

मला वाटलं काका आता घण काचेवर घालणार. घालावा असं मी मनापासून इच्छीत होते. पण त्यांनी ती डिस्क उचलली, अंगणात नेली आणि फोडली. फार वेळ लागला. नर्सबाई काचेतून बघत होत्या आणि मधून मधून हसून मान डोलवत होत्या.

त्या बाईंनी पुढे हा किस्सा सगळ्या हॉस्पिटलभर सांगितला. मास्तर एवढे सच्चे की भावाच्या धंद्याला भर दुकानात खोटं म्हणाले, बिचाऱ्यांची नजर तेवढी गेली. असल्या दुकानात फसवणूक कशी होईल? गर्दी वाढली. बाबांनी शेजारचा गाळाही घेतला.

काका कुठे गेले नाहीत. जाणार कुठे? घरही त्याच भावाबरोबरचं. आता ते पुढे, सोफ्याशेजारच्या खुर्चीत बसतात. मध्यंतरी माझ्या गाडीचं स्टिअरिंग ब्रेक मारताना किंचित थरथरायला लागलं. माझ्या मते थोडं घासून भागलं असतं, पण खात्री नव्हती, आणि या बाबतीत खात्री करून घ्यायला मला जगात एकच माणूस ठाऊक आहे. मी चाक उतरवून घेतलं, डिस्क काढली, पुसली आणि नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचाच मायक्रोमीटर शोधून आणून हातात दिला.

त्यांनी डिस्कला नखही लावलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "बदला."

"काका, मी आहे," मी म्हणाले.

"ओळखलं गं," काका म्हणाले. "बदलून टाक."