चौदा सुया आणि आबांचे पाय

घरात कुणी आजारी पडलं की औषधाच्या बाटल्या साचतात, तसे किस्सेही साचतात. बाटल्या भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार? हे आमच्या आबांचे, म्हणजे वडिलांचे. मी तेव्हा कॉलेज सोडून कान्ह्याला, आमच्या गावी, घरी बसलेलो. त्यामुळे दवाखान्यात उशाशी बसायला मीच मोकळा.

*

आमच्या म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि ती मेली. आम्ही तिचं दूध प्यायलेलो, तेही उकळून. तरी आबांनी अख्ख्या घराला पोटात चौदा-चौदा सुया घ्यायचं फर्मान काढलं.

मी म्हणालो, "उकळलेल्या दुधात काय राहतंय?"

"कालिज सोडलंस तवा अक्कल बी तितंच ठिवलीस व्हय?"

मी गेलो नाही. बाकीचे गेले. सुया संपल्या आणि आठवड्याच्या आत आबांचे पाय गेले. आमच्या घरात मोठ्यांचं चुकलं की लहानांनी गप्प बसायचं. बसलो.

*

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी समजावलं, "ही लस मेंढीच्या मेंदूपासून करतात. शरीराला ते परकं वाटतं, म्हणून शरीर त्याच्यावर अँटिबॉडी सोडतं. तुमच्या नसांवरचं आवरण तसंच दिसतं. मग त्या अँटिबॉडी त्यालाच सोलतात, वायरीवरचं रबर सोलावं तसं. आवरण परत आलं तर पाय येतील."

आबांनी सगळं नीट ऐकलं. "मेंढरू व्हतं? मग सोमवारी कशापायी टोचलं? सोमवारी मी वशाटाला शिवत न्हाई."

*

मावशी भेटायला आली. तिला मी डॉक्टरांचं तेच सांगितलं.

"परक्याला सोडून घरच्यालाच मारायचं?" ती म्हणाली. "रगत दाजींवरच गेलंय की."

मी हसलो. कॉटवरून फाडकन बसली. पाय गेले होते, हात नाही.

*

डॉक्टर रोज तळव्यावर किल्ली ओढायचे. आबा डोळे मिटून म्हणायचे, "लागतंय." भाताची लावणी तोंडावर, त्यांना घरी सुटायचं होतं. एकदा डॉक्टरांनी किल्ली खिशातच ठेवली.

"लागतंय," आबा म्हणाले.

*

घरी आणलं तरी पाय तसेच. लावणीच्या दिवशी हट्ट धरला, बांधावर न्या. घेतलं पाठुंगळी. वाटभर कानाशी तोंड सुरू. "सरळ चाल. चिखल बघ. येवढा शिकवला, बापाला धड न्येता येत न्हाई."

"टाकू का हितंच?" मी म्हणालो.

तशी बरगडीत टाच बसली. हलकीच, पण बसली.

मी चिखलात उभाच राहिलो.

"आबा," म्हटलं, "आजून एक हाणा."