शेठच्या तळहातावरची शिंग

शेठनी तळहातावर शिंग, म्हणजे भाजलेले शेंगदाणे, चोळले आणि फू करून सालं उडवली. सगळी माझ्या मांडीवर. मी खिडकीशी, मध्ये शेठ, पलीकडे त्यांचा मेहुणा. बडोद्याहून दिल्लीला निघालेलं विमान नुकतंच वर गेलं होतं.

"शेठ, शिंग ना खोलो. मने तकलीफ थाय छे."

शेठ मेहुण्याकडे बघून म्हणाले, "पहेली वार प्लेनमां बेठी छे ने, एटले गभराय छे."

दोघं खो खो हसले. मीही हसले. लाज वाटते सांगायला, पण हसले.

बडोद्याच्या वाडी भागात वाढले मी. घरात एकादशीला साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचं कूट. बाहेर फरसाण, त्यात शिंग. लहानपणी चिमूटभर कुटाने घसा सुजला, निळी पडले. तेव्हापासून आई माझं वेगळ्या कढईत करायची, कपाशियाच्या, म्हणजे सरकीच्या तेलात. आत्या म्हणायची, "उपासाला चालतं ते हिच्या अंगाला चालत नाही! मेले नखरे." पुढे शेठच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, तर त्यांचंही तेच. "उपवासमां चाले ते तने केम ना चाले?" म्हणजे उपासाचा दाणा देवानेच पास केलेला. त्यापुढे माझा घसा काय खोटाच! कपाळ माझं.

तेवढ्यात हवाई सुंदरीनेही पाकिटं वाटली. खारी शिंग. आता सगळं विमान चोळायला लागलं. तिला सांगितलं तर गोड हसून म्हणाली, "तो मॅडम, आप मत खाइए."

झालं! खिडकी उघडत नाही. बाहेर पडायचं तर दोन पुरुषांचे चार गुडघे. ओठ जड झाले. घसा आतून आवळायला लागला. गोळ्या आणि इंजेक्शन पर्समध्ये, पर्स डोक्यावरच्या फळीवर. शेठनीच ठेवायला लावली होती, कारण मांडीवर मी ड्रॉइंगची नळी सांभाळायची होती. मीही मुकाट्याने ठेवली, मूर्खासारखी.

"शेठ, ऊठो. मारी पर्स जोईए."

शेठ उठले नाहीत. एक दाणा सोलून त्यांनी माझ्या तोंडासमोर धरला.

"एक खाई ले. बीक नीकळी जशे."

भीती निघून जाईल म्हणे! मी मरणार, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. आणि तरी मी, सुजलेल्या ओठांनी, "नको हं" म्हणायला तोंड हसरं करत होते. मालक आहे, वाईट वाटायला नको. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

मी तो हात झटकला. पट्टा सोडला. नळी शेठच्या मांडीवर टाकली, सीटवर चढले आणि त्यांच्या गुडघ्यांवर चपला देत बाहेर पडले.

"बेसी जा! लोको जुए छे!"

"बघू देत!" मी मराठीत ओरडले. आवाज घोगरा, अर्धा. पर्स ओढली आणि मागे जाऊन, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, सलवारीवरूनच मांडीत सुई खुपसली. मग शौचालयाजवळ खालीच बसले. कितीतरी वेळाने पहिला पुरा श्वास आला. उतरताना मागच्याच एका रिकाम्या सीटवर बसले, शेठजवळ परत गेले नाही.

उतरल्यावर शेठ सामानाच्या पट्ट्याशी उभे होते. पॅन्टवर माझ्या चपलांचे ठसे.

"बधानी सामे मारी आबरू लीधी तें. माफी माग. नहीं तो कालथी आवती नहीं."

आजूबाजूचे लोक थांबून बघत होते. घरात माझ्या पगारावर तीन जण होते.

"नाही मागणार," मी म्हटलं. शेठना मराठी चांगली समजायची.

नोकरी गेली. वर्षभर दुसरी मिळाली नाही. आत्या म्हणाली, एक शब्द बोलली असतीस तर काय जीभ झिजली असती?

जीभ झिजली नसती, आत्या. पण जगल्याबद्दल माफी मी त्या दिवशी मागितली नाही, पुढेही मागणार नाही. कोणाचीच नाही.