रविवारचे चार अंश

मॅडमनी फ्रिजच्या तळातून लसीची कुपी काढली, उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. आतली लस गोठून दगड झाली होती. फ्रिजमधला थर्मामीटर उणे तीन दाखवत होता.

"वाघमारे, तापमानाचं रजिस्टर आणा," मॅडम म्हणाल्या.

सोमवारचे साडेनऊ वाजले होते. मॅडम म्हणजे जिल्ह्याच्या लसीकरणाच्या अधिकारी. बदलून येऊन त्यांना महिनाच झाला होता आणि न सांगता तपासणीला आल्या होत्या. मी केंद्राचा फार्मासिस्ट. नांदेडहून उमरीच्या बाजूला, रस्ता सोडून आत, असं आमचं छोटं आरोग्य केंद्र. त्या दिवशीही पॅसेंजरनं येऊन, पुढं टमटममध्ये गुडघे दुमडून मी नुकताच पोचलो होतो. शर्ट अजून वाळला नव्हता.

आधी थोडं सांगतो. लसीचा फ्रिज घरच्यासारखा नसतो. पेटीसारखा वरून उघडतो, त्याला आम्ही आयएलआर म्हणतो. आत दोन ते आठ अंश लागतात. उन्हानं लस बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही लसी गोठल्या तरी वाया जातात, आणि वितळल्यावर पुन्हा चांगल्यासारख्याच दिसतात. अशी लस टोचली तर लेकराला कळ तेवढी मिळते, संरक्षण मिळत नाही. कार्डावर मात्र दिल्याची खूण होते. म्हणून सकाळ-संध्याकाळ, सण असो की सुटी, तापमान डोळ्यांनी बघून लिहायचं. ते काम माझं. तापमान आपोआप टिपणारं यंत्रही होतं, पण ते दोन महिने बंद होतं. तक्रार केली होती, उत्तर यायचं होतं. म्हणजे माझ्या रजिस्टरवाचून दुसरा पुरावा नव्हता.

मॅडमनी पान उघडलं. शनिवार संध्याकाळ, चार. रविवार सकाळ, चार. रविवार संध्याकाळ, चार. तिन्हीपुढे माझी सही.

"म्हणजे कालपर्यंत ठीक होतं. आज कोणी उघडला?"

आमचे डॉक्टर म्हणाले, संगीता सिस्टर सातला लस घेऊन वस्तीवरच्या सत्राला गेल्या. संगीता कंत्राटी नर्स. अकरा महिन्यांची ऑर्डर, आणि त्याच महिन्यात ती संपत होती.

"मग बर्फाचे पॅक काढताना तिनंच तापमानाचं बटण फिरवलं असणार," मॅडम म्हणाल्या. "तिला मेमो काढा. तिनं नेलेली लस वरच्या टोपलीतली आहे, तिथं तळाएवढा गारठा नसतो, आणि कालपर्यंत सगळं ठीकच होतं. सत्र चालू राहू द्या."

मी तिथंच उभा होतो. अडीच तासांत एवढा मोठा फ्रिज दगड होत नाही हे मला कळत होतं. मॅडम नवीन होत्या, डॉक्टरांचं लक्ष मॅडमना सांभाळण्याकडे होतं. आणि रविवारी चार अंश होते का, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. कारण रविवारी तो फ्रिज कोणी बघितलाच नव्हता.

ते तिन्ही चार मी शनिवारी दुपारी एक वाजता लिहिले होते. तेव्हा काटा पाचावर होता, तो खरा. एरवी आठवडाभर मी केंद्राच्या क्वार्टरमध्येच राहायचो; त्या दिवशी पुढचं लिहून नांदेडची गाडी पकडली होती. सात वर्षं दर शनिवारी हेच करत होतो. कशासाठी? तर रविवारी उपासना चुकू नये म्हणून.

मी ख्रिस्ती. आमच्या चर्चच्या मंडळीत मी वडील होतो, म्हणजे पाळकांच्या बरोबरीनं मंडळीचं बघणारा. रविवारी शास्त्रपाठ माझा, प्रार्थना माझी. लोक मला नाकासमोर चालणारा माणूस म्हणत. मी दारू पीत नाही, औषध कंपनीच्या माणसाचा चहासुद्धा घेत नाही. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मी इथं बदलून आल्यावर डॉक्टरांना विचारलं होतं, रविवारचं कसं करू? ते म्हणाले, जा तुम्ही, रजिस्टर सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं. दुसऱ्या कोणाला तापमान बघायला सांगायचं तर त्याचे उपकार होतात. त्यापेक्षा तीन आकडे लिहिणं सोपं. त्याला खोटं म्हणतात हे सात वर्षांत एकदाही मनात आलं नाही. आकडा लिहायचा आणि देवाच्या घरी जायचं, त्यात खोटं कसलं?

आदल्याच दिवशी पाळकसाहेबांनी देवाला संतोषवणाऱ्या जीवनावर उपदेश केला होता. शेवटची प्रार्थना मी केली. प्रभू, आमच्या हातचं काम तुला आवडेल असं होऊ दे, असं म्हणालो. लोकांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. तेव्हा इकडे लस गोठत होती.

डॉक्टर मेमोसाठी कागद शोधायला लागले. मला एकदम फार थकवा आला. दोन दिवस जागा असल्यासारखा.

"मॅडम, सत्र थांबवा," मी म्हणालो. "रविवारचं तापमान मी बघितलेलं नाही. शनिवारीच लिहून ठेवलं होतं."

"शनिवारी रविवारचं?"

"हो."

"असं किती वेळा केलंय?"

"सात वर्षं."

मॅडमनी रजिस्टर मिटलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. रजिस्टर सांभाळून घ्या, हे त्यांचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी बोललो नाही. कबुली आपली असेल तर आपल्यापुरतीच द्यावी, दुसऱ्याला ओढलं की ती तक्रार होते.

मी संगीताला फोन लावला. चौथ्यांदा लागला. मागं लेकरांची रडारड ऐकू येत होती.

"किती जणांना दिलं?"

"दोघांला दिलं सर. तिसरं मांडीवर हाय."

"थांब. आता एकालाही देऊ नको. लस गोठलेली असणार."

"मी बरुबर बगून आणली सर," ती घाबरून म्हणाली. "माझ्या हातून काय झालं का?"

"तुझ्या नाही. माझ्या."

ती परत आली तेव्हा आम्ही शेक टेस्ट केली. मुद्दाम गोठवून वितळवलेली एक कुपी आणि तिनं नेलेल्यातली संशयाची एक, दोन्ही हलवून टेबलावर शेजारी ठेवायच्या. चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. गोठलेली फाटलेल्या दुधासारखी होते, गाळ खाली बसतो. दोन्ही कुप्यांत गाळ बरोबरच खाली बसला. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला, म्हणाला थर्मोस्टॅट शनिवारीच गेला असणार. बटणाला कोणी हात लावलेला नव्हता.

संध्याकाळी संगीतासोबत मी त्या दोन घरी गेलो. तिनं नको म्हटलं, मी सांगते म्हणाली. मी गेलो. पहिल्या घरी निभावलं. दुसऱ्या घरची पोर वीस-बावीस वर्षांची, लेकरू खांद्यावर. मी सांगितलं, लस खराब निघाली, पुन्हा टोचावी लागेल.

"म्हंजे परत ताप यील," ती म्हणाली. "आताच रडून झोपून राहिलंय ते."

तिच्या सासूनं विचारलं, "कोणाच्या हातनं बिघडली?"

"माझ्या. मी बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही."

"का बरं?"

देवाच्या दर्शनाला गेलो होतो, असं म्हटलं असतं तर म्हातारीनं लगेच माफ केलं असतं. आमच्या भागात ते कारण कोणालाही पटतं. म्हणूनच सांगवलं नाही.

"आळस केला," मी म्हणालो.

"लेकराच्या कामात आळस करू न्हाई, बाबा," म्हातारी म्हणाली. बसायला सांगितलं नाही. मी परत येताना त्या वाक्यानं रडलो. संगीता पुढे चालत राहिली, मागं वळून बघितलं नाही तिनं.

मला कारणे दाखवा नोटीस आली, सेवापुस्तकात नोंद झाली. संगीताची ऑर्डर वाढली. दोन्ही लेकरांना पुढच्या सत्रात पुन्हा लस दिली. दोघांनाही ताप आला.

मंडळीचं वडीलपण मी सोडलं. पाळकसाहेब म्हणाले, इतकं कशाला, देव क्षमा करतो. मी म्हणालो, करतो हो, पण फ्रिज कोण बघणार? एक रविवार संगीता बघायची, एक मी. माझ्या रविवारी सकाळचं तापमान लिहून क्वार्टरमध्ये एकटाच गायनाचं पुस्तक उघडून बसायचो. आवाज लागायचा नाही. संध्याकाळी पुन्हा थर्मामीटर. मंडळीत काही जण म्हणत, वाघमारे थंड पडले.

निवृत्त होईपर्यंत असंच चाललं. सात वर्षं माझ्या रजिस्टरात रविवारी कायम चार होते. डोळ्यांनी बघायला लागलो तेव्हा कळलं, कधी तीन असतात, कधी साडेपाच, उन्हाळ्यात लाईट गेली की सात. चार फार क्वचित भरतात.