पिंजरा हलवला, कूड तिथंच राहिला

शादलीला बोट लागायची. आता करकेना बेटावर जन्मलेल्या माणसाला बोट लागावी, काय म्हणायचं याला! बाप कोळी, आजा कोळी, समुद्रात घरची शरफिया, म्हणजे मासे धरायची जागा, आणि हे पोरगं किनारा सुटला की बोटीच्या काठावर ओणवं. बाकीची पोरं त्याला 'कोरड्या पायाचा' म्हणायची. मग तो शिकला, आणि आमच्या बेटावरच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागला. बावीस वर्षं झाली त्याला. बाप गेला तेव्हा शरफिया आईच्या हाती सोपवून गेला, बेयाच्या. पोराचं नावसुद्धा काढलं नाही. शादलीच्या मनाला ते लागलं असणारच, पण बोलून दाखवणाऱ्यातला तो नव्हे.

कामाला मात्र चोख हो. दवाखान्यातल्या प्रत्येक रोग्याचे कागद, हाडांचे फोटो, रक्ताचे रिपोर्ट, सगळ्याची एक नक्कल तो बाजूला ठेवून द्यायचा. मोठी नर्स वसीला एकदा त्याला म्हणाली, "अरे शादली, तू दिवसभर करतोस तरी काय? मला तर तू नुसता बसलेलाच दिसतोस."

"मी बसलेला दिसतोय ना, म्हणजे सगळं ठीक चाललंय," शादली म्हणाला. "मी पळताना दिसलो की घाबर."

तर त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातून कागद आला. गुरुवारी सकाळच्या बोटीनं लमजद नावाचा माणूस येणार आणि सर्व्हरचं सॉफ्टवेअर नवं करणार. त्यासाठी मुख्य डिस्क पार पुसणार.

वसीलानं तो कागद हिसकावूनच घेतला. "पुसणार? आणि माझ्या रोग्यांचे कागद?"

"कागदांच्या नकला वेगळ्या पेटीत आहेत, त्यांना हात लागत नाही," शादलीनं समजावलं. "पण कुठली नक्कल पेटीत कुठं ठेवलीय, त्याची एक वही असते. डेटाबेस म्हणतात तिला. ती वही मुख्य डिस्कवर आहे. ती पुसली गेली तर नकला असून नसल्यासारख्या. लाखभर कागद, आणि एकावरही नाव नाही."

"मग उचल ना ती तिथून!"

"उचलतोच आहे, बाई."

सोमवारी त्यानं नकला काढणारा बॅकअप थांबवला, वही दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवली, बॅकअप परत चालू केला. पडद्यावर हिरवी खूण आली. झालं काम. मंगळवारी त्यानं आणखी एक काम उरकलं. फोटोच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. त्यात एकोणीस वर्षांचे हाडांचे, छातीचे फोटो. ते सगळे त्यानं बॅकअपमध्ये घातले आणि तो जुना कॉम्प्युटर रिकामा करून टाकला. हलकं वाटलं त्याला. आता गुरुवार आला काय नि गेला काय.

बुधवारी दुपारी जेवायला घरी गेला, तर अंगणात बेयाचा पट्टा चालू. ऐंशीची म्हातारी, पण आवाज पार धक्क्यापर्यंत जायचा. समोर मबरूक उभा, तिचा पुतण्या, मान खाली घालून. शरफिया दरवर्षी नव्यानं बांधायची असते. खजुराच्या झावळ्या समुद्राच्या तळात रोवून लांबच लांब कूड घालायचा आणि त्याच्या टोकाला पिंजरा. मासा कुडाला अडतो, कडेकडेनं चालत राहतो आणि आपल्या पायानं पिंजऱ्यात शिरतो. यंदा जुन्या जागी वाळू साचली म्हणून बेयानं पिंजरा वीस हात पुढं घ्यायला सांगितला होता. मबरूकनं घेतला. तीन दिवस झाले, पिंजऱ्यात एक शेपूट नाही.

"काकी, पिंजरा मी एकदम पक्का बांधलाय," मबरूक म्हणाला. "सुई जाणार नाही आत."

"मासाही जात नाहीये, बघतेय ना मी?" बेया कडाडली. "आणि कूड? कूड वळवलास का?"

मबरूक समुद्राकडं बघायला लागला.

"कूड जुन्या जागेकडंच चाललाय ना? मग मासा कुठं जाईल? मासा काय धक्क्यावर चौकशी करणार, का हो, बेयाचा पिंजरा हल्ली कुठं असतो? त्याला भिंत नेईल तिकडं जातो तो. तू पिंजरा हलवलास आणि वाट तिथंच ठेवलीस, गाढवा!"

शादली हसला. भाकरीचा तुकडा माशाच्या कालवणात बुडवला, तोंडाकडं नेला आणि हात तसाच राहिला.

"काय रे? काटा लागला?" बेयानं विचारलं.

"नाही, उम्मी. मीपण कूड वळवला नाही."

"तुझा कुठला आलाय कूड?"

पण तो चपला घालून निघालासुद्धा. ताट तसंच.

दवाखान्यात येऊन त्यानं आधी नव्या जागेची वही उघडून बघितली. शेवटची नोंद सोमवारची. मग जुन्या जागेची बघितली. तिच्यात मंगळवारही होता आणि आजची सकाळही. वही नेली खरी, पण बॅकअपला नवा पत्ता सांगायचाच राहिला होता. तो आपला सवयीनं जुन्या वाटेनं जाऊन जुन्या वहीतच लिहीत बसला होता. हिरवी खूण दाखवत होता, का नाही दाखवणार? त्याचं बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. एकोणीस वर्षांचे फोटो फक्त त्या जुन्या वहीत नोंदलेले, आणि ती उद्या पुसली जाणार होती.  बावीस वर्षांत पहिल्यांदा समुद्रावर न जाता त्याला मळमळलं.

मग त्यानं बॅकअप पुन्हा थांबवला, पूर्ण वही पुन्हा नेली, आणि या वेळी पत्ता बदलला. परत चालू केला. हिरवी खूण आली. तिच्याकडं तो बराच वेळ बघत राहिला. आता तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

गुरुवारी लमजद आला. तरणाबांड, खांद्याला पिशवी, नजर घड्याळावर, तरी हाक मारताना नावाआधी अदबीनं 'सी' लावणारा. "सी शादली, चारच्या बोटीनं परत जायचंय मला. करू सुरू?"

"थांब. आधी नव्या जागेवरून एक कागद काढून बघायचाय."

"अहो, हिरवी खूण आहे की! एवढं कशाला?"

"ती कालही होती," शादली म्हणाला. त्यानं जुन्या वहीचं नाव बदलून टाकलं, म्हणजे बॅकअपला ती सापडायलाच नको. मग हाक मारली, "वसीला, एखाद्या रोग्याचं नाव सांग. फोटो जुना पाहिजे."

वसीलानं डोकं खाजवलं. "तुझ्या आईचंच घे. झावळ्या तोडताना पडली होती बघ, मनगट मोडलेलं. अकरा वर्षं झाली असतील."

शादलीनं नाव घातलं. पडदा थांबला. लमजदनं जांभई दिली. वसीला मात्र पुढं वाकली, तिनं शादलीच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. लमजद म्हणाला, "अडकलं वाटतं." शादली पडद्यावरून नजर काढेना.

आणि मग हळूहळू, वरून खाली, एक हात उमटला. बारीक हाडं, आणि मनगटापाशी तिरकी भेग.

"हीच ती," वसीला म्हणाली. "प्लास्टर घालताना मला काय काय शिव्या दिल्या होत्या हिनं!"

शादलीनं चष्मा काढून पुसला. "हां, लमजद. आता पुस."

लमजदची बोट काही चुकली नाही. पण जायच्या आधी, सगळं नवं चालू झाल्यावर, शादलीनं त्याला थांबवून ते मनगट पुन्हा एकदा बाहेर काढलं. लमजदनं या वेळी जांभई दिली नाही. म्हणाला, "स्फाक्सच्या दवाखान्यात मी असं कधी काढून बघितलं नाही, सी शादली. उद्या कामावर गेल्यावर बघतो."

संध्याकाळी शादली घरी आला तर बेया ओट्यावर मासे साफ करत होती. मबरूकनं कूड वळवला होता.

"काल ताटावरून उठून कुठं पळालास रे?" तिनं विचारलं.

त्यानं शेजारी बसून सगळं सांगितलं. वही, पत्ता, तिचं मनगट. तिला किती कळलं कोण जाणे. ऐकता ऐकता तिचा सुरीचा हात थांबला होता, एवढं खरं.

"म्हणजे माझा हात तुझ्या पिंजऱ्यात आहे होय," ती म्हणाली. मग सगळ्यात मोठा मासा उचलून तिनं त्याच्यापुढं ठेवला. "पुढल्या वर्षी कूड घालायचा असेल तेव्हा तू किनाऱ्यावर येऊन उभा राहा. पाण्यात नको उतरूस. नुसता बघ, आणि सांग मबरूकला कुठं वळवायचा ते."

शादलीनं सुरी घेतली आणि खवलं काढायला बसला.