मात्रा सरांचा ब्लॉग

काना-मात्रा चुकली की सर पट्टीची कड बोटांवर मारत. राजापेठेतल्या त्यांच्या टायपिंग क्लासात शिकलेल्या आम्हा सगळ्यांचे ते मात्रा सर. कोणी कळवळलं तर म्हणायचे, "बोट सुजलं तं सुजलं, शब्द लंगडा नाही झाला पाहिजे."

मुलीलाही त्यांनी सवलत दिली नाही. सुजातानं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा सरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ती अकोल्याला राहू लागली.

पुढे गावोगाव शेतकरी जीव देऊ लागले, तसे सर स्कूटरवर त्यांच्या घरी जाऊ लागले. "सरकार मदतीले पात्र-अपात्र लिहून राह्यलं. माणूस कसा होता, ते कोण लिहीन?" कोणाला पोहायचा नाद होता, कोण बैलांशी गप्पा मारायचा, हे सगळं ते ब्लॉगवर लिहीत. खाली सुजाताची प्रतिक्रिया असे: "बाबा, 'विहीर'मधला 'ही' दीर्घ." सर चूक दुरुस्त करत. उत्तर एकदाही दिलं नाही.

"दोन शब्द लिहा ना तिला," मी एकदा म्हटलं.

"आधी माफी मांगू दे तिले."

सुजाता काविळीनं गेली. सर मातीलाही गेले नाहीत.

वर्षभरानं नोटीस आली, ब्लॉगची ती सेवाच बंद होणार होती. सरांनी मला बोलावलं. मी लेख, फोटो, सगळं नव्या ठिकाणी हलवलं. प्रतिक्रियांत जाहिरातींचा कचरा फार होता, म्हणून त्या सोडून दिल्या. सुजाता मला आठवली होती. पण सरांना तिचं काय, असंच वाटलं.

महिन्यानं सर माझ्या ऑफिसात आले. "लेख आले. पोरगी काहून नाही आली?"

जुना ब्लॉग तोवर पुसला गेला होता. मी खरं ते सांगितलं.

"रोज वाचत होतो बे मी," सर म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "टाइप कर."

कोणत्या लेखाखाली तिनं काय लिहिलं होतं, ते एकेक करून सांगत गेले. सगळं तोंडपाठ. मी माझ्या खात्यावरून ते त्या-त्या लेखाखाली चढवत गेलो. शेवटी त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक 'बाबा'च्या वर माझं नाव होतं.

"हे तं तूच लिहून राह्यला," सर म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर दोन वर्षं ते जगले. माझ्याशी बोलले नाहीत.